कराराने दिलेली बाग आणि कलमांची जबाबदारी

राजापूर तालुक्यात, समुद्रापासून फार लांब नसलेल्या एका गावी आमची हापूसची बाग आहे. वरच्या अंगाची जुनी कलमे, म्हणजे कलम करून वाढवलेली आंब्याची झाडे, आजोबांनी कातळात सुरुंग लावून, खड्ड्यांत बाहेरून माती आणून भरून लावली. उताराकडची कलमे बाबांची आहेत. १९९० साली रोजगार हमी योजनेशी जोडून फळबाग लागवडीची योजना सुरू झाली, त्यानंतरच्या वर्षांत त्यांनी ती उभी केली. बाबांना चढ-उतार झेपेनासे झाले तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी बाग कराराने द्यायचे ठरवले. ज्यांच्याकडे ती गेली त्यांनी तिची जी हेळसांड केली, ती निस्तरण्यात माझी आणि माझ्या धाकट्या भावाची बरीच वर्षे गेली. मुंबई, ठाणे, पुणे येथे राहणारी आणि गावी कलमे असणारी असंख्य कुटुंबे याच परिस्थितीत आहेत, म्हणून जे समजले ते सविस्तर लिहीत आहे.

आमच्या भागातल्या कराराची रीत बहुतेकांना माहीत असेल. दिवाळीच्या आसपास बाग पाहून रक्कम ठरते, काही आगाऊ मिळते आणि उरलेली आंबा उतरला की मिळते. फवारणी, राखण, काढणी, पेट्या भरणे, वाशीला माल पाठवणे हे सगळे करारदाराचे. जूनचा पाऊस सुरू झाला की तो बागेतून बाहेर पडतो. या रीतीत जून ते ऑक्टोबर हा काळ कोणाच्याच हिशेबात धरलेला नसतो, आणि नेमका तोच काळ झाडाच्या जेवणाचा असतो. शेणखत आणि रासायनिक खत पावसाच्या सुरुवातीला द्यायचे असते, कीड लागलेल्या आणि वाळलेल्या फांद्या काढायच्या असतात, कोसळलेला गडगा (दगडी कुंपण) उभा करायचा असतो. मालक शहरात आणि करारदाराचा हंगाम संपलेला, अशा स्थितीत ही कामे राहून जातात. पावसाळ्यातले एकच काम मात्र न चुकता होते, ते म्हणजे कल्टार हे मोहर आणणारे औषध घालणे, कारण त्याचा लाभ लगेच पुढच्या मोहरात दिसतो आणि बाग पुन्हा आपल्यालाच मिळणार याची करारदाराला तोंडी खात्री असते.

आमच्या करारदाराने पैसे कधी बुडवले नाहीत, हे आधीच सांगितले पाहिजे. दरवर्षी ठरलेली रक्कम ठरल्या वेळी येत असे, सोबत घरी खाण्यासाठी दोन पेट्याही येत, आणि त्यामुळे घरात कोणालाही बागेबद्दल शंका येण्याचे कारण नव्हते. निष्काळजी भाडेकरू म्हटला की पैसे थकवणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. बागेच्या बाबतीत ही खूण चालत नाही. जो करारदार झाडांवर काहीच खर्च करत नाही, त्याला पैसे वेळेवर देणे उलट सोपे जाते, कारण तो झाडाने पूर्वी साठवलेल्या बळावर उत्पन्न काढत असतो. पैशांत तूट दिसू लागते तोवर झाडाचे नुकसान होऊन गेलेले असते.

कल्टारबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण आमच्या भागातील बागांचे सर्वांत मोठे नुकसान त्याच्या अविचारी वापराने झाले आहे असे माझे ठाम मत आहे. हापूस एका वर्षी भरपूर धरतो आणि पुढच्या वर्षी विश्रांती घेतो. ही अनियमितता कमी करण्यासाठी पॅक्लोब्युट्राझोल हे वाढनिरोधक वापरले जाते आणि बाजारात ते कल्टार या नावाने सर्वांना ठाऊक आहे. ते मुळांवाटे झाडात जाते, जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाची निर्मिती रोखते, त्यामुळे पालवीची वाढ आखडते आणि झाड मोहराकडे वळते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस स्पष्ट आहे: झाडाच्या विस्ताराचा व्यास मोजायचा, दर मीटरला ३ मिलिलिटर या प्रमाणात मात्रा काढायची, ती पाण्यात मिसळून १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान खोड आणि विस्ताराचा कडेचा भाग यांच्या मध्यावर गोलाकार लहान खड्डे मारून त्यांत ओतायची. म्हणजे ८ मीटर विस्ताराच्या झाडाला २४ मिलिलिटर पुरतात. सशक्त झाडालाच ते द्यायचे आणि त्याबरोबर खताची पूर्ण मात्रा द्यायची, हा त्याच शिफारशीचा अविभाज्य भाग आहे. दहा वर्षांवरील कलमाला वर्षाला ५० किलो शेणखत, दीड किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद आणि त्याच्या जोडीला पालाश लागते.

प्रत्यक्षात आमच्या बागेत गड्याच्या हाती बाटली आणि बादली दिलेली असे. विस्तार कोणी मोजत नसे, मात्रा अंदाजाने पडत असे आणि ती खोडाशेजारीच ओतली जात असे. खत तर नव्हतेच. हे औषध जमिनीत दीर्घकाळ टिकते, त्यामुळे दरवर्षी नवी मात्रा जुन्या शिल्लक मात्रेवर पडत राहते. पहिली काही वर्षे झाडे मोहराने लगडली, लवकर आली आणि मार्चमध्ये चांगला भाव मिळाला. मग पालवी आखूड होऊन पाने फांदीच्या टोकाला गुच्छाने येऊ लागली, मोहराचे तुरे गच्च आणि बुटके झाले, फळ लहान राहू लागले आणि शेंड्याकडून फांद्या वाळत खाली आल्या. जुन्या कलमांपैकी काहींच्या माथ्यावर भर पावसातही हिरवे पान उरले नव्हते.

अशक्त झाडाला भिरूड लवकर लागतो. त्याचा भुंगेरा खोडाच्या सालीच्या फटीत अंडी घालतो आणि अळी आतले लाकूड पोखरत जाते. बुंध्याशी भुसा पडलेला दिसला की तारेचा आकडा घालून अळी बाहेर काढायची, भोकात कीटकनाशकाचा बोळा घालून ते चिखलाने लिंपायचे, हे काम बागेत नियमित फिरणारा माणूस सहज करतो. आमच्याकडे भुशाचे ढीग बुंध्याशी तसेच पडून होते. बांडगुळाचेही तेच झाले. फुलटोचे पक्षी त्याची चिकट फळे खाऊन बी फांदीवर पुसतात आणि एका फांदीवरचे बांडगूळ दोन-तीन वर्षांत शेजारच्या कलमांवर पसरते. ते वरवर खुडून भागत नाही. जिथे ते फांदीत रुतलेले असते त्याच्या खालून फांदीसकट कापावे लागते. ज्याला पुढच्या वर्षीच्या पलीकडे काही दिसत नाही, तो एवढ्या उंचीवर माणूस चढवून मजुरी कशाला देईल?

बेणणी, म्हणजे गवत-झुडपांची कापणी, अर्धवट राहिल्यामुळे बागेच्या खालच्या कडेला गवत कमरेइतके वाळून उभे होते. फेब्रुवारीत शेजारच्या कातळावरून वणवा आला आणि खालच्या रांगेतील कलमांची एक बाजू होरपळली. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने वरच्या अंगाची काही कलमे कलंडवली. मुळे उघडी पडलेले झाड लगेच सरळ करून, टेकू देऊन, मुळांवर माती ओढली तर बहुधा वाचते, हे कोकणात कोणाला शिकवावे लागत नाही. टाळेबंदीचे निर्बंध असल्यामुळे आम्हाला गावी पोचता आले नाही. करारदाराने फोनवर रकमेत सूट मागितली, ती आम्ही दिली. कलंडलेली कलमे मात्र पाऊस लागेपर्यंत तशीच पडून होती. नंतर याचा जाब विचारला तेव्हा ते मला म्हणाले, "ताई, आंबा आमचा, कलम तुमचं. कलमाचं काय करायचं ते तुम्ही सांगायला हवं होतं."

या वाक्याचा मला त्या वेळी फार राग आला होता. नंतर मी त्यावर पुष्कळ विचार केला. ते म्हणत होते ते व्यवहारात खरे होते. आमच्या कुटुंबाने त्यांना एका हंगामाचा आंबा तोंडी बोलीवर दिला होता. पुढच्या वर्षी बाग त्यांच्याकडेच राहील असे कोणी लिहून दिलेले नव्हते. जूनमध्ये त्यांनी स्वतःच्या पैशाने गाडीभर शेणखत घातले आणि दिवाळीत कोणी जास्त बोली लावून बाग नेली, तर त्या खताचा आंबा दुसऱ्याच्या पेट्यांत जाणार होता. याने त्यांचे वागणे समर्थनीय ठरत नाही, कारण वणव्यापासून राखणे आणि मात्रा मोजून औषध घालणे यांसाठी दीर्घ मुदतीची गरज नव्हती. तरी बागेच्या दुर्दशेचे एक मूळ त्या करारातच होते.

मग करार तोंडी आणि एकेका वर्षाचा का होता? कूळ लागण्याच्या, म्हणजे बाग करणारा कायद्याने कूळ ठरून जमिनीवर हक्क सांगेल या भीतीने. कोकणात ही भीती घराघरांत आहे. कागद केला तर तो पुरावा होईल, सलग वर्षे दिली तर वहिवाट सिद्ध होईल, असे आमच्या काकांचे पक्के मत होते. या भीतीपोटी मालक काही लिहीत नाही, न लिहिल्यामुळे कोणावर कसली जबाबदारी येत नाही, आणि जबाबदारी नसल्यामुळे झाडे मरतात. या साखळीतून बाहेर कसे पडायचे हे शोधण्यातच आमचा सर्वाधिक वेळ गेला.

सुरुवात आम्ही भांडणाने केली नाही. हंगाम संपता संपता करारदाराला, गावातल्या एका जाणत्या बागायतदार अण्णांना आणि कृषी सहायकांना बरोबर घेऊन बाग झाडागणिक पाहिली. प्रत्येक कलमाच्या बुंध्यावर रंगाने क्रमांक घातला आणि वहीत त्या क्रमांकापुढे बुंध्याचा घेर, विस्तार, वाळलेल्या फांद्या, भिरुडाची भोके, बांडगूळ आणि होरपळ यांची नोंद केली. प्रत्येक झाडाचे छायाचित्र काढले. शेवटी त्या नोंदींखाली उपस्थितांच्या सह्या घेतल्या. करारदाराने सही करायला आढेवेढे घेतले, पण अण्णांनी त्यांना समजावले की यात दोष कोणाचा हे लिहिलेले नाही, झाड कसे आहे एवढेच लिहिले आहे. कोणालाही मी हेच सांगेन की तक्रार करण्याआधी नोंद करावी. "तुम्ही बागेची वाट लावलीत" या वाक्याला उत्तर देता येते. सतराव्या क्रमांकाच्या कलमाला किती भोके आहेत या नोंदीला उत्तर देता येत नाही.

त्यानंतर नोंदणीकृत टपालाने, पोच घेऊन, एक पत्र पाठवले. भाषा सौम्य ठेवली आणि मागण्या नेमक्या लिहिल्या: भिरुडाचा बंदोबस्त आणि बांडगुळाची छाटणी अमुक तारखेपर्यंत करावी, या पावसाळ्यात कल्टार घालू नये, विहिरीच्या काठावर पडलेले औषधांचे रिकामे डबे उचलावेत. ही कामे झाली तर पुढचा करार लेखी आणि अधिक मुदतीचा करू, असेही त्यात स्पष्ट लिहिले होते. ऑगस्टमध्ये भाऊ गेला तेव्हा डबे उचललेले होते, बांडगूळ जसेच्या तसे होते आणि खोडांशेजारी कल्टार ओतल्याच्या ताज्या खुणा होत्या. करार पुढे चालू ठेवणार नाही असे आम्ही त्याच दिवशी कळवले.

तेव्हा कुळाचा विषय निघाला. बागेच्या खाली आमचे भाताचे खाचर आहे. तिथे गेल्या काही पावसाळ्यांत करारदाराने भात लावले होते आणि त्यातले थोडे घरी आणून दिले होते. आता ते म्हणू लागले की जमीन आम्ही कसतो आहोत, आम्हाला असे काढता येणार नाही. काका हवालदिल झाले. आम्ही राजापूरच्या एका वकिलांकडे कागद नेले, आणि तिथे जे समजले ते प्रत्येक बागमालकाला माहीत असावे असे मला वाटते.

१९४८ चा कुळवहिवाटीचा कायदा कोकणाला आणि पश्चिम महाराष्ट्राला लागू आहे. विदर्भासाठी १९५८ चा आणि मराठवाड्यासाठी हैदराबाद राज्यातला १९५० चा कायदा वेगळा आहे. १९४८ च्या कायद्याच्या कलम ४ नुसार दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारी व्यक्ती कूळ मानली जाते. घरातली माणसे, रोख किंवा धान्यरूपाने मजुरी घेणारा नोकर आणि मालकाच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या देखरेखीखाली राबणारा मजूर हे त्यातून वगळलेले आहेत, मात्र पिकाच्या वाट्यावर राबणाऱ्याला नोकर म्हणून ही सवलत नाही. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, म्हणजे कुळांना कायद्याने जमिनीचे खरेदीदार मानले तो दिवस, होऊन गेला म्हणजे विषय संपला असेही नाही, कारण त्यानंतर निर्माण झालेल्या कुळालाही कलम ३२-ओ नुसार, कुळवहिवाट सुरू झाल्यापासून एका वर्षात, जमीन विकत घेण्याचा हक्क मिळतो. कुळाने खंड (जमिनीचे भाडे) थकवला, जमिनीची कायमची हानी केली किंवा ती परस्पर दुसऱ्याला दिली, तर कलम १४ खाली तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन कुळवहिवाट संपवता येते, आणि त्या मुदतीत दोष दुरुस्त करण्याची संधी कुळाला असते. कुळाने स्वतःहून जमीन सोडायची तरी कलम १५ प्रमाणे ते लेखी आणि तहसीलदारांसमोर पडताळलेले असावे लागते.

फळबागेची गोष्ट वेगळी आहे, आणि हे आम्हाला ठाऊक नव्हते. त्याच कायद्याच्या कलम ४३-अ प्रमाणे ऊस, फळे किंवा फुले यांच्या लागवडीसाठी दिलेल्या भाडेपट्ट्यांना कायद्यातील अनेक कलमे लागू होत नाहीत, आणि जमीन विकत घेण्याच्या हक्काची कलमे त्यांतच येतात. शिवाय १९०८ च्या नोंदणी कायद्यात झाडावरचे फळ ही जंगम मालमत्ता धरलेली आहे. म्हणजे अमुक क्रमांकाच्या कलमांवरील अमुक हंगामाचा आंबा विकला, आणि तो राखण्यासाठी व उतरवण्यासाठी बागेत येण्याची मुभा दिली, असा कागद केला तर तो जमिनीच्या भाडेपट्ट्याहून निराळा व्यवहार असतो. धोका होता तो बागेत नव्हता, खाचरात होता.

हा कायदा उगाच झालेला नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. अलिबागजवळच्या चरी गावातल्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी वर्षानुवर्षे जमिनी पड टाकून खोतांविरुद्ध, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदारांविरुद्ध, संप केला. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ज्या मातीत हे घडले तिथल्या जमीनमालकाने कूळ कायद्याकडे केवळ संकट म्हणून पाहणे मला शोभणारे वाटत नाही. म्हणूनच आम्ही भावाबहिणींनी ठरवले होते की खाचरात त्यांचा खरोखर हक्क निघाला तर तो लपवायचा नाही. वकिलांनी सात-बारा काढून पाहिला. गाव नमुना बारामध्ये, म्हणजे सात-बाऱ्यातल्या पिकांच्या नोंदीत, खाचराच्या पिकाची नोंद दरवर्षी आमच्याच नावे होती, आणि त्या वर्षांत नांगरणी, बियाणे आणि लावणीची मजुरी बाबांनी दिल्याच्या नोंदी त्यांच्या वहीत सापडल्या. बाबा ओसरीवर बसून खाचराची कामे सांगत असत, हे शेजाऱ्यांनाही माहीत होते.

वाद आम्ही न्यायालयात नेला नाही. २००७ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेतील समिती आमच्या गावात अजून बसते. तिच्यासमोर दोन्ही बाजूंचे म्हणणे झाले. त्या पावसाळ्यातले उभे भात संपूर्ण त्यांनी न्यावे, बागेत त्यांनी बसवलेला पंप आणि नळ्या त्यांनी काढून न्याव्यात, शेडमध्ये राहणाऱ्या नेपाळी राखणदाराची थकलेली मजुरी त्यांनी आमच्यासमोर चुकती करावी, आणि खाचर आपण मजुरीवर केले असल्याचा लेखी जबाब तहसील कार्यालयात द्यावा, असे ठरले. झाडांच्या नुकसानीची भरपाई आम्ही मागितली नाही. मागायला हवी होती असे भावाला आजही वाटते. माझे मत असे की जे कधी लिहून दिलेच नव्हते त्या जबाबदारीची किंमत वसूल करण्यात आणखी काही हंगाम गेले असते, आणि तेवढा वेळ झाडांकडे नव्हता.

बागेची डागडुजी हे संथ काम आहे. पहिल्या वर्षी फळाची अपेक्षाच धरली नाही. वाळलेल्या फांद्या जिवंत लाकडापर्यंत कापल्या आणि प्रत्येक कापावर बोर्डो पेस्ट हा बुरशीनाशक लेप लावला. ती १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी या प्रमाणात घरीच करता येते. भिरुडाची भोके एकेक शोधून साफ केली. बांडगूळ काढायला झाडावर सराईतपणे चढणारा माणूस मिळणे हीच मोठी अडचण होती, कारण गावात अशी माणसे आता थोडी उरली आहेत. खत विस्ताराच्या कडेला चर काढून घातले आणि गडग्याकाठच्या उंदीरमारीचा (गिरिपुष्पाचा) पाला आळ्यांत पसरला. कल्टार पूर्ण बंद ठेवले. दुसऱ्या पावसाळ्यात बाबांच्या लावणीतल्या झाडांना लांब पेऱ्यांची मोकळी पालवी आली. आजोबांच्या कलमांपैकी काही गेली ती गेलीच. त्यांच्या जागी कोय कलमे लावली आहेत.

आता बाग पुन्हा कराराने दिलेली आहे, कारण शहरात नोकरी करून राखण आणि फवारणी सांभाळणे आम्हाला शक्य नाही. या वेळी कागद केला आहे. तो जमिनीचा नाही, क्रमांक दिलेल्या कलमांवरील आंब्याच्या विक्रीचा आहे, आणि त्यात सलग तीन हंगामांचा उल्लेख आहे, म्हणजे नव्या करारदाराला आज घातलेल्या खताचा आंबा स्वतः उतरवता येईल. खताचे पैसे आम्ही देतो, घालण्याची मजुरी तो देतो. कल्टार आमच्या लेखी संमतीशिवाय घालायचे नाही. संमती दिली तरी विस्तार मोजून, वहीत मात्रा लिहून आणि आमचा माणूस समोर असतानाच घालायचे. बेणणी डिसेंबरच्या आत पूर्ण झाली पाहिजे आणि बागेच्या कडेने गवत काढलेला रुंद पट्टा मोकळा राहिला पाहिजे. झाड कलंडले किंवा आग लागली तर त्याच दिवशी कळवायचे, आणि टेकू देण्याचा खर्च आमचा. फवारणीची तारीख, औषध आणि प्रमाण यांची वही ठेवायची. बाग परस्पर दुसऱ्याला द्यायची नाही. खाचराचा या कागदाशी काहीही संबंध नाही, हेही त्यात स्वतंत्रपणे लिहिले आहे.

रकमेची विभागणी हा या करारातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आहे. ठरलेल्या रकमेत आम्ही थोडी कपात स्वीकारली आणि तेवढीच रक्कम अनामत म्हणून घेतली. डिसेंबरमध्ये आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात दोघे मिळून बाग पाहतात, पहिल्या वहीतल्या नोंदींशी प्रत्येक झाड ताडून बघतात, आणि जूनच्या पाहणीत कलमे ठीक असतील तर अनामत परत मिळते. काकांना ही कपात सुरुवातीला पटली नव्हती. गावात आमच्यापेक्षा जास्त रकमेला बागा जातात हे खरे आहे. पण त्या रकमेत झाडाच्या झिजेची किंमत मिसळलेली असते, आणि ती पुढे मालकालाच भरावी लागते.

ई-पीक पाहणीबद्दल एक सूचना. १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून, शेतात उभे राहून करायची असते. शहरातले खातेदार ते काम पुढे ढकलतात. आम्ही भाऊ-बहीण आळीपाळीने खास त्यासाठी गावी जातो, कारण खाचराच्या वादात आमच्या बाजूने सर्वांत आधी उभी राहिली ती पिकाची नोंदच. सात-बारावर आमच्याबरोबर चुलत भावंडांचीही नावे आहेत, म्हणून करारावर त्या सर्वांच्या संमतीच्या सह्या घेतल्या. त्या गोळा करायला कराराचा मसुदा करण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

नवे करारदार तरुण आहेत, स्वतःची थोडी कलमे बाळगून आहेत, आणि डिसेंबरच्या पाहणीत दोन झाडांवरचा भिरूड आमच्याआधी त्यांनीच दाखवला. वणव्यात होरपळलेली खालची रांग यंदाही करारातून बाहेर ठेवली आहे. तिला मोहर आला होता. तो आम्ही झाडून टाकला, म्हणजे झाडाचे बळ फळात न जाता फांद्यांत जाईल. जूनच्या पाहणीनंतर अण्णांना विचारून त्या रांगेचा निर्णय घेऊ.